तार तुटली तर तुमचा सिग्नल कुठे जातो?



मागच्या व्हिडिओत माझ्या पाठीमागच्या शेल्फवर एक छोटा रेल्वे सिग्नल दिसत होता. विषय होता उधारीचा, पण निम्मे प्रश्न आले सिग्नलबद्दल. काहींनी विचारलं, ‘सर, तो विकत मिळेल का?’ आणि दोघा-तिघांनी विचारलं, ‘मलाही मॉडेल रेल्वेचा नाद आहे, यातून धंदा होईल का?’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देतो. दुसऱ्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, कारण तेच उत्तर शोधताना मी एका माणसाची आयुष्यभर जपलेली वस्तू खराब केली आहे आणि चार लाखांच्या कर्जाच्या कागदावर सही करायच्या बेतात आलो होतो. म्हणून आज सविस्तर लिहितोय. तुमचा छंद केक बनवण्याचा असो, रेझिन आर्टचा असो की जुनी घड्याळं दुरुस्त करण्याचा, हिशोब तोच आहे.

आधी छंद समजून घ्या

मॉडेल रेल्वे म्हणजे लहान मुलांची गोल फिरणारी प्लास्टिकची आगगाडी नव्हे. इथे सगळं मापात असतं. जगात सर्वात जास्त चालणारं माप म्हणजे एचओ. खऱ्या वस्तूच्या ८७ पट लहान. रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. इंग्लंडमध्ये तेच रूळ वापरतात, पण गाडी थोडी मोठी, सुमारे ७६ पट लहान. त्या मापाला डबल ओ म्हणतात. जागा कमी असेल तर एन गेज, रूळ फक्त ९ मिलिमीटरचे.

आता आपली गंमत बघा. आपल्या ब्रॉडगेजची रुंदी १६७६ मिलिमीटर. तिला ८७ ने भागलं तर १९.२६ येतात. म्हणजे बाजारात मिळणारे १६.५ चे रूळ भारतीय ब्रॉडगेजला मापात बसतच नाहीत. भारतीय गाड्या बनवणारे बहुतेक जण हा फरक पोटात घालतात आणि तयार रुळांवरच गाडी चालवतात. पण आमच्या सोलापूर जिल्ह्यातली जुनी बार्शी लाइट रेल्वे घ्या. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने उभी केलेली, १८९७ मध्ये सुरू झालेली, नॅरोगेज, रुंदी ७६२ मिलिमीटर. भागा ८७ ने. ८.७६ येतात. म्हणजे एन गेजचे ९ मिलिमीटरचे रूळ जवळजवळ बरोबर बसतात!

हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. जे सगळ्या जगाला बसतं ते आपल्याला बसेलच असं नाही, आणि आपल्याला जे बसतं ते कदाचित कोणी बनवतच नसेल.

किट जोडताना हात काय शिकतो

माझी सुरुवात बीबीए करताना झाली. एका मित्राच्या मामांनी परदेशातून आणलेलं सिग्नलचं प्लास्टिक किट त्याला जमेना, मी घेतलं. किटमध्ये सगळे भाग एका चौकटीला चिकटलेले येतात. ते हाताने मोडायचे नाहीत, निपरने कापायचे आणि उरलेला खुंट कानशीने घासायचा. डिंक लावायच्या आधी सगळं एकदा कोरडंच जुळवून बघायचं. रंग शक्यतो जोडण्याआधी द्यायचा, कारण शिडीच्या मागे नंतर ब्रश जात नाही. प्लास्टिकचा सिमेंट हा खरं तर डिंक नाही, तो दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतो, म्हणून थेंबभरच. आणि काचेसारख्या पारदर्शक भागाला सुपरग्लू कधीच लावायचा नाही, त्याच्या वाफेने काच पांढुरकी होते. तिथे साधा पांढरा फेव्हिकॉल चालतो, वाळल्यावर दिसत नाही.

दिवा लावायचा असेल तर हिशोब करायचा. पुरवठा १२ व्होल्टचा. लाल एलईडी साधारण २ व्होल्ट घेतो. उरले १०. दहा मिलिअँपिअर करंट हवा असेल तर १० भागिले ०.०१, म्हणजे १००० ओहमचा रेझिस्टर. हा न लावता एलईडी थेट जोडला तर तो एकदाच पेटतो. मी तीन जाळले, मग आकडेमोड शिकलो.

मित्रांनो, यातली प्रत्येक गोष्ट धंद्याला लागू आहे. कोरडं जुळवून बघणं म्हणजे ट्रायल ऑर्डर. रेझिस्टर म्हणजे खर्चावरची मर्यादा. पण हे मला तेव्हा कळलं नव्हतं. तेव्हा मला एवढंच वाटत होतं की माझा हात छान चालतो, लोक वाहवा करतात, मग याचे पैसे का मिळू नयेत?

काकांची गाडी

सोलापुरात माझं स्टेशनरी आणि प्रोजेक्ट मटेरियलचं दुकान आहे. काउंटरवर मी एक सिग्नल ठेवला आणि शेजारी पाटी लावली, ‘मॉडेल किट जोडून मिळेल. जुन्या खेळण्यातल्या गाड्या दुरुस्त करून मिळतील.’

एक दिवस एक काका आले. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झालेले, राहणार कुर्डुवाडीचे. वह्या घ्यायला आले होते नातवासाठी. सिग्नलकडे बघितलं आणि म्हणाले, “हिरवी काच लावलीस होय?”

मी म्हटलं, “हो काका, लाल आणि हिरवी. सिग्नलला तीच असते ना?”

“आमच्या वेळी काच निळसर असायची. आत रॉकेलचा दिवा. त्याची ज्योत पिवळी. पिवळ्या उजेडावर निळी काच आली की लांबून हिरवं दिसतं. हिरवी काच लावली असती तर ड्रायव्हरला मळकट काहीतरी दिसलं असतं.”

दहा वर्षं सिग्नल बनवत होतो आणि हे मला ठाऊक नव्हतं. त्या रात्री पांढरा एलईडी काढून पिवळट उजेडाचा लावला, पुढे निळसर काच. काय हिरवा दिसला म्हणून सांगू!

पुढच्या आठवड्यात काका परत आले, हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. आत चावीची आगगाडी. इंजिन, कोळशाचा डबा आणि दोन डबे. त्यांच्या वडिलांनी मुंबईहून आणलेली, काका तेव्हा दुसरीत होते. चावी फिरायची पण चाकं हलत नव्हती. “नातवाला चालवून दाखवायची आहे. जमेल का रे?”

मी म्हटलं, “का नाही जमणार, काका? नवी करून देतो.”

‘नवी करून देतो’. या तीन शब्दांनी घात केला.

यंत्र ठीक होतं, फक्त जुनं वंगण सुकून मेणासारखं घट्ट झालं होतं. ते साफ केलं, सुईच्या टोकाने तेलाचा एक-एक थेंब दिला, चाकं फिरली. तिथेच थांबायला हवं होतं. पण डब्यांवर काळपट थर होता, म्हणून मी कापसाचा बोळा थिनरमध्ये बुडवला आणि पुसला. जुन्या पत्र्याच्या खेळण्यांवर रंग ब्रशने दिलेला नसतो, पत्र्यावर छपाई असते आणि वर पातळ वार्निश. थिनरने आधी वार्निश गेलं, मग छपाई. दोन सेकंदांत डब्याच्या खिडक्या, खिडकीतली माणसं आणि अर्धी अक्षरं बोळ्यावर आली. खाली उघडा पत्रा.

काका आले तेव्हा मी लपवलं नाही. ते बराच वेळ डबा हातात धरून बघत राहिले. मग म्हणाले, “या तिसऱ्या खिडकीत टोपीवाला माणूस होता. मी त्याला स्टेशनमास्तर म्हणायचो.”

रागावले असते तर बरं झालं असतं. मी पैसे घेतले नाहीत, पण पैसे न घेतल्याने टोपीवाला परत येत नाही.

तेव्हापासून माझा नियम असा, आणि तुम्ही कोणाचीही वस्तू दुरुस्तीला घेत असाल तर हा लिहून ठेवा.

पहिलं, वस्तू घेताना चारही बाजूंनी फोटो, गिऱ्हाइकासमोर.

दुसरं, ‘काय करायचं’ याइतकंच ‘काय करायचं नाही’ हे जॉब कार्डवर लिहून सही. चालू करायची, की स्वच्छ करायची, की रंगवायची? ही तीन वेगळी कामं आहेत.

तिसरं, कोणतंही रसायन आधी न दिसणाऱ्या जागी, टाचणीच्या डोक्याएवढं. सुरुवात नेहमी कोमट पाणी आणि सौम्य साबणाने, तेही ओल्या बोळ्याने, बुडवून नाही.

चौथं, काही गोष्टी दुरुस्त होत नाहीत, ते सांगायचं धाडस हवं. जुन्या गाड्यांचे जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव भाग, त्यात शिशासारखी भेसळ असेल तर वर्षानुवर्षांनी आतून फुगतात, तडकतात आणि भुगा होतात. त्याला इलाज नाही, तो भाग नवीनच बसवावा लागतो. गिऱ्हाइकाला हे आधी सांगितलं तर तुम्ही जाणकार ठरता, नंतर सांगितलं तर तोच बहाणा ठरतो.

आणि पाचवं, ‘नवी करून देतो’ असं म्हणायचं नाही. बहुतेक वेळा माणसाला नवी नकोच असते.

वहीतला हिशोब

सहा महिन्यांत मी अकरा कामं केली. मला वाटत होतं धंदा जोरात आहे. मग एका रविवारी वही उघडली.

एक सिग्नल किट जोडून देण्याचे मी ६०० रुपये घेत होतो. रंग, सिमेंट, वायर, एलईडी मिळून खर्च २१०. म्हणजे सुटले ३९०. छान! पण वेळ? चार संध्याकाळी मिळून सहा तास. ३९० भागिले ६, तासाला ६५ रुपये. तेवढा वेळ मी दुकानात झेरॉक्स मशिनपाशी उभा राहिलो असतो तर जास्त सुटले असते. आणि यात दोन कामं परत करून द्यावी लागली ती धरलेली नाहीत, काकांची गाडी तर नाहीच नाही.

छंदवाल्या माणसाची ही सर्वात मोठी चूक. आपण वेळ मोजत नाही, कारण तो आनंदात गेलेला असतो. छंदात वेळ खर्च करण्यासाठीच असतो, धंद्यात तोच वेळ कच्चा माल असतो. एकाच टेबलावर दोन्ही ठेवले की हिशोब चुकतोच.

मोठ्यांनी काय केलं

मग मी या क्षेत्रातल्या मोठ्या नावांचा अभ्यास केला. तुम्हीही तुमच्या क्षेत्रातल्यांचा करा.

जर्मनीतल्या गोपिंगेन गावी १८५९ मध्ये मार्कलिन कंपनी सुरू झाली, तीही रेल्वेने नाही, बाहुलीच्या स्वयंपाकघराच्या पत्र्याच्या भांड्यांनी. संस्थापक काही वर्षांतच वारले, त्यांच्या पत्नी कॅरोलिन यांनी स्वतः फिरून माल विकत धंदा टिकवला. पुढे मुलांनी १८९१ च्या लाइपझिग जत्रेत रेल्वे मांडली, ठरलेल्या मापाच्या रुळांसकट. यातली हुशारी अशी की माप ठरलेलं असल्यामुळे यंदा इंजिन घेतलेलं गिऱ्हाईक पुढच्या वर्षी डबा, त्यापुढे सिग्नल, त्यापुढे स्टेशन घ्यायला परत येणार. एकदा विकून संपणारी वस्तू त्यांनी दरवर्षी वाढणारी केली. आणि तरीही हीच कंपनी २००९ मध्ये, बरोबर १५० व्या वर्षी, दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत आली. नंतर ती सावरली, २०१३ मध्ये दुसऱ्या एका खेळणी समूहाने विकत घेतली. नाव मोठं असणं म्हणजे हातात रोकड असणं नव्हे.

इंग्लंडमध्ये सिडनी प्रिचर्ड यांनी १९४६ मध्ये पेको सुरू केली. त्यांनी नाव कमावलं ते रूळ आणि सांधे विकून. इंजिन कोणत्याही कंपनीचं घ्या, ते रुळावरच चालणार. गाड्यांच्या स्पर्धेत उतरण्यापेक्षा सगळ्या गाड्यांना लागणारी वस्तू त्यांनी पकडली.

किटमास्टरची गोष्ट तर अजून बोलकी. रोझबड नावाची बाहुल्या बनवणारी कंपनी. प्लास्टिक ओतायची मशिनं होतीच, म्हणून १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी रेल्वे इंजिनांची किट काढली. किट उत्तम होती, पण काही वर्षांतच त्यांना ती सोडावी लागली. १९६२ मध्ये साचे एअरफिक्सने घेतले, पुढे त्यांतले बरेच डॅपॉलकडे गेले, आणि त्या साच्यांतली काही किट पुढे कित्येक दशकं विकली गेली. माल चांगला असूनही मालक टिकत नाही, असं होऊ शकतं.

आणि आपल्या पुण्यात या. कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभराचा छंद जपून उभं केलेलं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम १९९८ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. सिग्नल, सांधे, पूल, गाड्या सगळं चालतं. तिकीट काढून लोक बघायला येतात. जर्मनीतल्या हॅम्बुर्गला ब्राउन या जुळ्या भावांनी २००१ मध्ये मिनिएचर वंडरलँड उघडलं, तेही याच वाटेने, खूप मोठ्या प्रमाणावर. म्हणजे छंद तोच, पण कमाईची जागा वेगळी. कोणी वाढत जाणारा संच विकला, कोणी रूळ विकले, कोणी अनुभव विकला.

चार लाखांचा कागद

हे सगळं वाचून शहाणपण यायला हवं होतं. मला आला तो जोर. ठरवलं, परदेशी किट आणि स्टार्टर सेट मागवायचे आणि महाराष्ट्रभर ऑनलाइन विकायचे. एका ठिकाणी चार लाखांचं कर्ज जवळपास मंजूर झालं होतं, हमी म्हणून दुकानाचा माल.

लँडिंग कॉस्ट काढली तेव्हा पहिला धक्का बसला. खेळणी आणि मापातली मॉडेल, दोन्ही कस्टमच्या एकाच गटात मोडतात. त्यावरची मूळ ड्युटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झाली आणि २०२३ मध्ये ७०. म्हणजे भाड्यासकट २,००० रुपयांच्या सेटवर १,४०० ड्युटी, झाले ३,४००, वर आयजीएसटी वेगळा. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना बीआयएसची खूण सक्तीची आहे. तुमचा माल मुलांचं खेळणं आहे की मोठ्यांचं संग्राह्य मॉडेल, हे मागवण्याआधी जाणकार कस्टम एजंटकडून लिहून घ्यावं लागतं, आणि ड्युटीचा त्या दिवशीचा दर तपासावा लागतो. माल बंदरावर अडकल्यावर हे शिकणं महाग पडतं.

तरी मी म्हणत होतो, होईल काहीतरी, शौकीन लोक घेतील.

त्याच दिवसांत काका परत आले. हो, आले. रागावले नव्हते. म्हणाले, “यंत्राचा आवाज अगदी पूर्वीसारखा येतोय. नातू खूश आहे.” मग काउंटरवरच्या सिग्नलचा दोरा बोटाने वर-खाली केला. हात आडवा, म्हणजे थांबा. हात खाली झुकला, म्हणजे जा. आपण आजही ‘सिग्नल पडला’ म्हणतो ना, ते या खाली पडणाऱ्या हातामुळेच.

“छान आहे,” काका म्हणाले आणि त्यांनी तो दोरा खिळ्यावरून सरळ काढून टाकला. माझ्या सिग्नलचा हात खाली पडला.

“बघ की. तार तुटली आणि तुझा सिग्नल म्हणतो, जा.”

मी म्हटलं, “काका, मॉडेल आहे हो ते.”

“असू दे. खऱ्या सिग्नलला केबिनपासून पार लांबपर्यंत तार जाते. ती कधीतरी तुटणारच. उन्हात ताणते, थंडीत आखडते, गुरं पाय देतात. म्हणून या बाजूला काचांची जड चौकट असते आणि खाली वजन. तार तुटली की वजनाने हात आपोआप आडवा होतो. बिघाड झाला तर गाडी थांबली पाहिजे, धावली नाही पाहिजे. चुकून थांबलेल्या गाडीतले लोक फार तर शिव्या देतात.”

त्या रात्री मी सिग्नलच्या चौकटीमागे शिशाचा छोटा तुकडा चिकटवला. दोरा काढला, हात आडवा राहिला. परत काढून बघितला, परत आडवा. आणि समोर टेबलावर तो चार लाखांचा कागद होता.

मी स्वतःला विचारलं, इथली तार तुटली तर काय होईल? माल अडकला, किंवा सहा महिने विकला गेला नाही, तर हप्ता कुठून जाणार? दुकानातून. कोणत्या पैशांतून? मे-जूनमध्ये वह्या-पुस्तकं भरायला जे ठेवतो त्यातून. म्हणजे किट विकली नाहीत तर फक्त किटचा धंदा बंद पडणार नव्हता, जूनचा सीझन बुडून दुकान धोक्यात येणार होतं. एका ठिकाणचा बिघाड दुसऱ्या रुळावरची गाडी पुढे ढकलत होता. माझा सिग्नल ‘जा’ वर पडत होता.

सही केली नाही. घरी सांगितलं तेव्हा बायको एवढंच म्हणाली, “मी विचारलं तेव्हा चिडला होतात.” ते खरं होतं.

मग काय केलं

कर्ज नाही घेतलं म्हणजे गप्प बसलो असं नाही. मी परत गिऱ्हाइकाकडून सुरुवात केली. सोलापूर हे रेल्वेच्या विभागाचं मुख्यालय. सरकारी नोकर महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतात. दर महिन्याला निरोप समारंभ, आणि सहकाऱ्यांना भेट द्यायची असते. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ. तिथे एक फूट उंचीचा, हात हलणारा, दिवा पेटणारा सिग्नल ठेवला तर?

पहिला नमुना काकांना दाखवला. त्यांनी चार चुका काढल्या, मी दुरुस्त केल्या. आता हिशोब बघा. एमडीएफचं लेझर कटिंग, रंग, वायर, एलईडी मिळून ३४०. पॅकिंग ६०. खराब निघणाऱ्यांचे ४०. एकेक बनवला तर चार तास लागतात, पण दहाची बॅच घेतली तर पंधरा तास, म्हणजे नगामागे दीड तास. तासाला १५० धरून मजुरी २२५. एकूण ६६५. विक्री १,१००. मजुरी धरूनही ४३५ राहतात. निम्मे पैसे ॲडव्हान्स, ॲडव्हान्स आल्याशिवाय कटिंगला फाइल जात नाही. त्यावर रेल्वेचा लोगो टाकत नाही, कारण दुसऱ्याचं बोधचिन्ह परवानगीशिवाय वापरायचं नसतं. त्याऐवजी निवृत्त होणाऱ्या माणसाचं नाव आणि त्याचं पहिलं पोस्टिंग झालेलं स्टेशन. लोकांना लोगोपेक्षा तेच जास्त आवडतं.

या कामाची तार तुटली तर? एखाद्या महिन्यात ऑर्डर आली नाही, तर काहीच होत नाही. माल पडून नाही, हप्ता नाही. गाडी थांबते आणि दुकान चालू राहतं. हात आडवा.

आणि किट जोडण्याचं, जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीचं काय? ती पाटी मी काढली. ते आता फक्त रविवारी, स्वतःसाठी. सध्या बार्शी लाइटचा एक डबा करतोय, ८७ पट लहान, ९ मिलिमीटरच्या रुळांवर. त्याची कुठे तयार किट मिळत नाही, म्हणून काका आठवून सांगतात आणि मी कागदावर मापं काढतो. ती लाइन आता ब्रॉडगेज झाली. कदाचित याचंही उद्या किट होईल, कदाचित नाही. त्याची घाई नाही. एक काम तरी असं असावं ज्याचे तास मोजावे लागत नाहीत, नाहीतर चिडचिड गिऱ्हाइकावर निघते.

तुमचा गृहपाठ

वही घ्या, मोबाइल नको. तीन प्रश्न लिहा.

एक, मी जे बनवतो त्याला खरोखर किती तास लागतात? अंदाज नको, पुढचे तीन नग घड्याळ लावून करा.

दोन, माझ्या छंदात कमाईची जागा नक्की कुठे आहे? वस्तूत, सुट्या भागांत, शिकवण्यात, की दाखवण्यात?

तीन, तार तुटली तर माझा सिग्नल कुठे जातो? म्हणजे विक्री शून्य झाली तर धंदा आपोआप थांबतो, की घरातले, दुकानातले पैसे ओढत पुढे पळत राहतो? पळत असेल तर कुठे वजन लावायचं ते आजच ठरवा. वजन म्हणजे ॲडव्हान्स, छोटी बॅच, किंवा तीन महिन्यांचा राखीव खर्च.

आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर. शेल्फवरचा तो सिग्नल विकायला नाही. त्याचा रंग उडालाय, हिरवी काच काढताना एक ओरखडाही आलाय. त्याच्या चौकटीमागे शिशाचा तुकडा आहे. दुसरा हवा असेल तर बनवून देतो, निम्मे पैसे ॲडव्हान्स!

भेटू पुढच्या व्हिडिओत.